शेत बुडवणं आणि शेत भिजवणं

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मामांनी एक व्हिडिओ टाकला. उत्तर जर्मनीतलं सपाट कुरण, चरावरच्या लाकडी दारात फळ्या सरकवून पाणी अडवणारा एक माणूस, आणि त्यावर कुणीतरी चिकटवलेली ओळ : 'हवामानाच्या नावाखाली युरोप स्वतःची शेतं बुडवतोय'. मामांची पेणच्या बाजूला भातशेती आहे, थोडी खारजमीनही आहे. त्यांनी खाली लिहिलं, "आम्हाला सांगतात खाचरात पाणी ठेवू नका, मिथेन होतो. आणि हे स्वतः शेतात पाणी सोडणार आणि म्हणणार हवामान वाचवलं. कोणाला शिकवता?" मिथेन म्हणजे तुंबलेल्या पाण्याखाली तयार होणारा, हवामान तापवणारा वायू. अर्ध्या तासात ग्रुपचे दोन तट पडले. एका तटाला यात गोऱ्यांचा जुनाच दुटप्पीपणा दिसला. दुसऱ्या तटाने, म्हणजे आम्हा शहरात शिकलेल्यांनी, शेतकऱ्यांना विज्ञान कळत नाही असा सूर लावला. मामांच्या प्रश्नाचं उत्तर मात्र कुणीच दिलं नाही. मला तो प्रश्न त्या सगळ्या चर्चेपेक्षा शहाणा वाटला. निष्कर्ष चुकला असेल, पण विचारायला हवं ते त्यांनी विचारलं होतं.

युरोपातही हा वाद याच पातळीवर चालतो. एकीकडे 'आमच्या बापजाद्यांची जमीन बुडवणार', दुसरीकडे 'ग्रह वाचवायचा तर दलदल परत आणा'. मधे उभा असलेला, गुडघाभर ओल्यात पीक घेऊन बघणारा शेतकरी आणि त्याच्या बांधावर वायू मोजत बसलेला संशोधक, या दोघांकडे कुणाचं लक्ष नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. जिथे जमिनीत पीटचा, म्हणजे पाण्यात अर्धवट कुजून साचलेल्या वनस्पतींचा थर आहे आणि तो चर खणून कोरडा केलेला आहे, तिथे पाणी परत वर आणलं पाहिजे, आणि लवकर. पण ती जमीन शेतकऱ्याच्या हातात राहिली पाहिजे, तिच्यावर ओल्यात येणारं पीक उभं राहिलं पाहिजे, आणि या बदलाचा खर्च त्याचा फायदा घेणाऱ्या समाजाने भरला पाहिजे. यातली एक गोष्ट गाळली तर उरलेल्या दोन टिकत नाहीत. 'मिथेनचा अभ्यास पुरा होईपर्यंत थांबा' म्हणणारे आणि 'मिथेनचं काय एवढं' म्हणणारे, दोघेही मला सारखेच बेफिकीर वाटतात.

पीट हा शब्द आपल्या घरात आला तो कोकोपीटच्या पिशवीवरून. नारळाच्या काथ्याचा भुसा हा खऱ्या पीटला पर्याय, म्हणून त्याचं हे नाव. खरं पीट म्हणजे हजारो वर्षं पाण्यात राहिलेल्या, अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर. पाण्याखाली हवा पोचत नाही, म्हणून मेलेलं शेवाळ, लव्हाळा, नळाचं उंच पाणगवत पूर्ण कुजत नाही, साचत जातं. वेग साधारण वर्षाला एक मिलिमीटर. म्हणजे मीटरभर पीट साचायला हजार वर्षं. हिमयुग ओसरल्यापासून उत्तर युरोपात असे कित्येक मीटर साचले. जगाच्या जमिनीपैकी जेमतेम ३ टक्के जागा पीटची आहे, पण जगातल्या सगळ्या जंगलांच्या लाकूडपाल्यात मिळून नाही इतका कर्ब तिच्यात आहे. आता तिथे चर खणा, पाणी खाली न्या. हवा आत शिरते, सूक्ष्मजीवांना मेजवानी मिळते, हजारो वर्षांचा कर्ब कार्बन डायऑक्साइड होऊन उडू लागतो, जोडीला नायट्रस ऑक्साइड हा आणखी एक तापवणारा वायूही सुटतो. जर्मनीत अशा कोरड्या केलेल्या कुरणातून हेक्टरी वर्षाला पंचवीस-तीस टन कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन होतं. साध्या पेट्रोलच्या गाडीने पृथ्वीभोवती तीन-चार प्रदक्षिणा घातल्या तर होईल तेवढं, आणि हे एका हेक्टरातून, गाई शांतपणे चरत असताना.

जमीन नुसती धूर सोडत नाही, ती खचतेही. सपाट हिरव्या कुरणाकडे बघून हे कळत नाही, म्हणून इंग्लंडमधल्या केंब्रिजशायरच्या एका खांबाची गोष्ट सांगतो. तिथे व्हिटलसी मेअर नावाचं मोठं तळं होतं. १८५१ साली लंडनच्या जागतिक प्रदर्शनात एक नवा केंद्रोत्सारी पंप मांडला होता. तसल्याच पंपाने ते तळं उपसलं गेलं. पाणी गेल्यावर जमीन बसणार हे जमीनदाराला ठाऊक होतं. म्हणून जवळच्या होम फेन इथे पीटमधून खालच्या चिकणमातीपर्यंत एक बिडाचा खांब उतरवला, वरचं टोक जमिनीला बरोबर टेकलेलं. आज तो खांब सुमारे चार मीटर उघडा उभा आहे. खांब जागचा हलला नाही, जमीन त्याला सोडून खाली गेली. काही दबून बसली, पण बरीचशी हवेत गेली. कोरड्या पीटवर जमीन आजही कित्येक ठिकाणी वर्षाला सेंटीमीटरभर खाली जाते. मिलिमीटरने साठवलेलं सेंटीमीटरने खर्च. याला शेती म्हणण्याची सवय आपल्याला झाली आहे. माझ्या हिशेबाने ते खाणकाम आहे, फक्त खाण उघडी आणि हिरवी दिसते. मुद्दल खाऊन दूध काढायचं, आणि त्याला उत्पन्न म्हणायचं.

आता मामांचा प्रश्न. भाताचं खाचर वाळवा आणि पीट भिजवा, हे एकाच तोंडाने कसं सांगता? उत्तर मातीत आहे. आपल्या मृदा पत्रिकेत सेंद्रिय कर्ब एक टक्क्याच्या वर दिसला की आपण खूश होतो. वाळलेल्या पीटमध्ये वजनाने निम्म्याच्या आसपास कर्बच असतो. मामांच्या खाचरात पाणी तुंबून राहिलं की मिथेन होतो, आणि त्या पाण्याखाली राखण्यासारखा कर्बाचा साठा फारसा नाही; तिथे पाणी थोडं हलवलं तर फायदाच. पीटच्या जमिनीत मिथेन तसाच होतो, पण तिथे पाण्याखाली अख्खी तिजोरी आहे. रसायन दोन्हीकडे तेच, हिशेब वेगळा. शिवाय भाताबाबत कुणी शहाणा माणूस शेत सुकवा म्हणत नाही. छिद्रं पाडलेली नळी जमिनीत रोवायची, पाणी पृष्ठभागाखाली १५ सेंटीमीटर गेलं की पुन्हा भरायचं, एवढीच ती पद्धत. भात भातच राहतो. आणि हाच सल्ला डोळे मिटून केरळच्या कुट्टनाडमधल्या 'करी' जमिनींना दिला तर घात होईल. तिथली काळी, लाकूडफाटा गाडलेली सेंद्रिय माती वाळली आणि हवेला लागली की तिच्यातल्या गंधकाच्या संयुगांचं आम्ल होतं. पाणी हा तिथे पिकाचा आधार आहे. तेव्हा ओलं चांगलं की कोरडं चांगलं, हा प्रश्नच अर्धवट आहे. कुठल्या मातीवर, हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

हे न विचारल्याची सगळ्यात महाग किंमत इंडोनेशियाने मोजली, आणि तीही भातासाठी. १९९०च्या दशकाच्या मध्यावर सुहार्तो यांच्या सरकारने मध्य कालिमंतानमध्ये दहा लाख हेक्टरांचा भात प्रकल्प जाहीर केला. जमीन पीटची होती. चार हजार किलोमीटरहून जास्त कालवे खणले, पाणी वाहून गेलं, जंगल तुटलं. भात काही आला नाही. १९९७च्या एल निन्योच्या दुष्काळात वाळलेलं पीट पेटलं ते महिनोन् महिने धुमसत राहिलं. त्या वर्षीच्या आगींचा धूर सिंगापूर-मलेशियापर्यंत गेला. प्रकल्प गुंडाळला गेला, कालवे मात्र राहिले. २०१५च्या आगींनंतर, २०१६च्या जानेवारीत, त्या देशाला पीट पुन्हा ओलं करण्यासाठी वेगळी सरकारी संस्था काढावी लागली. आणि साबुदाण्यासारखा पिठूळ गर देणारा सागो ताड त्याच बेटांवर ओल्यात पिढ्यान् पिढ्या वाढत होता. भात म्हणजेच शेती, असं ठरवून आलेल्यांना तो दिसला नाही.

विरोधकांचा सगळ्यात जड मुद्दा मिथेनचा, आणि तो मी उडवून लावणार नाही. कोरडं कुरण भरलं की आधीच्या खतांनी मातलेलं गवत पाण्याखाली सडतं, आणि पहिली काही वर्षं मिथेन भसाभस सुटू शकतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेनचा एक टन कार्बन डायऑक्साइडच्या सत्तावीस-अठ्ठावीस टनांच्या तोडीचा. मग फायदा कसला? इथे दोन हौद डोळ्यांसमोर आणा. एका हौदाला बुडाशी बऱ्यापैकी मोठं भोक आहे, दुसऱ्याचं भोक जवळपास बुजलेलं. मिथेनचा हौद पहिला : हवेत गेलेला मिथेन साधारण बारा वर्षांत बराचसा विरतो, म्हणून नळ सारखाच चालू राहिला तर पातळी एका उंचीवर येऊन थांबते. कार्बन डायऑक्साइडचा हौद दुसरा : जे पडलं त्यातलं बरंचसं शतकानुशतकं राहतं, रोज भर पडते. पीट कोरडं ठेवणं म्हणजे दुसऱ्या हौदाचा नळ उघडा ठेवणं. जर्मन संशोधकांच्या एका गटाने २०२० साली हेच गणित मांडून दाखवलं की मिथेन धरूनही पाणी लवकर चढवणं फायद्याचं, आणि जितका उशीर तितकी तापमानाची भर कायमची. मामा इथे म्हणतील, मग आमच्या भाताच्या मिथेनचीही पातळी थांबतेच की! बरोबर आहे, आणि म्हणूनच भाताच्या मिथेनवरून आशियातल्या लहान शेतकऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणं मला पटत नाही. पाणी वाचतं, पीक तेवढंच येतं, म्हणून पद्धत बदला, हे म्हणणं वेगळं. त्याच्या आधी युरोपने आपला दुसरा हौद बघावा. एकट्या जर्मनीत कोरड्या पीटमधून वर्षाला पाच कोटी टनांहून जास्त निघतं, म्हणजे देशाच्या एकूण उत्सर्जनाच्या सुमारे ७ टक्के.

पण हौदाचं गणित बरोबर आहे म्हणून कुठलंही शेत कसंही बुडवलं तरी चालेल, असं होत नाही. इथेच संशोधनाची खरी जागा आहे, आणि दोन्ही बाजू तिच्यावरून घाईने पुढे जातात. पाणी पृष्ठभागाच्या बोटभर खाली ठेवलं तर काय होतं आणि वीतभर वर ठेवलं तर काय, यात जमीनअस्मानाचा फरक पडतो. पहिल्यात पीट ओलं राहतं आणि वरच्या पातळ थरात बराचसा मिथेन खाल्लाही जातो. दुसऱ्यात तळं होतं. बुडवणं आणि भिजवणं यांतला फरक तो हाच. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं, पावसाळी वादळाने पुन्हा चढलं, तर नायट्रस ऑक्साइडचं काय? जर्मनीच्या लोअर सॅक्सनी राज्यात हांकहाउझनच्या मूरवर, म्हणजे पीटच्या दलदलीवर, २०११ पासून स्फॅग्नम शेवाळाची शेती चालू आहे. तिथे आधी वरचा खतावलेला थर खरवडून काढला आणि त्याचेच बांध घातले. शेवाळाला त्याने फायदा झाला. पण बांधात घातलेली ती माती हवेवर सडते, तिचा हिशेब कुणाच्या खात्यात? असे प्रश्न एका हंगामात सुटत नाहीत. पारदर्शक पेट्या जमिनीवर उपड्या घालून, मनोऱ्यावरची यंत्रं दिवसरात्र चालवून, हिवाळे-उन्हाळे काढून मोजावं लागतं. २०१८च्या उन्हाळ्यासारखा दुष्काळ मधेच आला की आधीच्या वर्षांची सरासरी कोलमडते.

म्हणून थांबायचं का? थांबणं म्हणजे काहीच न करणं, असा एक समज या वादात मुरलेला आहे. कोरडं पीट थांबत नाही. तुम्ही अहवालाची वाट बघत असता तेव्हा ते जळतच असतं, ज्वाळेविना. शिवाय पहिली पायरी आजच घेता येते. ब्रिटनच्या संशोधकांनी २०२१ साली अनेक ठिकाणची मोजमापं एकत्र करून दाखवलं की शेतीखालच्या पीटमध्ये पाणी १० सेंटीमीटर वर आणलं की हेक्टरी वर्षाला किमान तीन टनांची बचत होते, आणि पाणी पृष्ठभागापासून ३० सेंटीमीटरच्या आत येईपर्यंत हे गणित चालतं. त्यापुढेही फायदा होत राहतो, पण पाणी पृष्ठभागाच्या १० सेंटीमीटरच्या आत आलं की मिथेन भाव खाऊ लागतो. म्हणजे सगळं किंवा काहीच नाही, अशी निवड शेतकऱ्यापुढे नाही. जे संशोधन व्हायचं ते चालत्या शेतावर, पीक घेत घेत होऊ दे.

पीक म्हणजे काय, हा पुढचा प्रश्न, आणि इथे मला माझ्याच बाजूच्या लोकांचा थोडा राग येतो. ओल्या शेतीचं लाडकं पीक म्हणजे पाणकणीस, ज्याला आपल्याकडे रामबाणही म्हणतात. नावावर जाऊ नका. त्याच्या पानांच्या आत हवेच्या पोकळ्या असतात, म्हणून त्यापासून उष्णता अडवणारे, हलके, मजबूत बांधकामाचे तक्ते बनतात. त्याच पोकळ्या जिवंतपणी सरबत प्यायच्या नळीसारख्या चालतात : हवा खाली मुळांना देतात आणि खालचा मिथेन वर सोडतात. नळाच्या काड्यांची छपरं होतात, स्फॅग्नम कुंडीच्या मातीत खऱ्या पीटच्या जागी चालतं. हे सगळं खरं. पण पत्रकं वाचली की वाटतं, उद्यापासून शेतकरी मालामाल. तसं काही नाही. दुधाला डेअरी आहे, टँकर आहे, ठरल्या दिवशी पैसे आहेत. पाणकणसाला अजून ठरलेला गिऱ्हाईक नाही. साधा ट्रॅक्टर ओल्यात रुततो, म्हणून स्कीइंगचे बर्फाळ उतार सपाट करणारी, रुंद पट्ट्यांवर चालणारी यंत्रं कापणीसाठी बदलून घ्यावी लागतात. ती घेणार कोण?

तरी एक उदाहरण मला पटतं, कारण त्यात चमत्कार नाही. ईशान्य जर्मनीतल्या मेक्लेनबुर्ग-फोरपोमर्नमध्ये माल्खीन नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या शेतकऱ्याकडे पुन्हा ओल्या झालेल्या कुरणातलं लव्हाळ्याचं गवत होतं, जे गाई नीट खात नाहीत. २०१४ पासून ते वाळवून, गठ्ठे बांधून गावच्या उष्णता केंद्रात जाळलं जातं आणि पाचशेहून जास्त घरं गरम होतात. कर्बाच्या काटेकोर हिशेबात जाळण्यापेक्षा घरबांधणीत वापरणं चांगलं, हे मान्य. पण माल्खीनमध्ये एक गोष्ट आहे जी प्रयोगशाळेत नसते : दर थंडीला गवत मागणारं गिऱ्हाईक.

अन्नाचं काय, असं विचारणाऱ्यांना दोन वेगळी उत्तरं द्यावी लागतील. जर्मनीत शेतीच्या जमिनीपैकी सुमारे ७ टक्के पीटवर आहे आणि तिचा मोठा भाग गवताळ आहे, म्हणजे गाईंचा चारा. तिथे भुकेचा मुद्दा मला फारसा टिकणारा वाटत नाही. इंग्लंडच्या फेन्समध्ये, म्हणजे उपसलेल्या दलदलीच्या सखल मुलखात, तो टिकतो. तिथल्या काळ्या मातीत देशाची भाजी पिकते. लेट्यूस, सेलरी, कांदा. ती शेतं उद्या पाण्याखाली घालून भाजी परदेशातून आणायची, यात कसलं शहाणपण? तिथे पाणी दहा-दहा सेंटीमीटरने वर आणत जाणं हाच मार्ग. पण होम फेनचा खांब भाजीवाल्यांनाही काहीतरी सांगतो. ज्या मातीच्या नावाने हा युक्तिवाद चालतो, ती मातीच संपत चालली आहे. नातवाला ती मिळणार नसेल तर अन्नसुरक्षा कुणाची?

आणि फेन्सचा इतिहास बघितला की 'ओली शेती ही पर्यावरणवाद्यांची नवी टूम' हे वाक्य गळून पडतं. सतराव्या शतकात बेडफर्डचा अर्ल आणि त्याचा डच अभियंता कॉर्नेलियस फरमाउडन यांनी फेन्स उपसायला घेतल्या, तेव्हा तिथे लोक उपाशी बसलेले नव्हते. ते मासे, ईल धरत, बदकं मारत, नळ कापत, उन्हाळ्यात कुरणं वापरत. त्यांनी बांध फोडले, चर बुजवले. 'फेन टायगर' हे नाव त्यांना पुढे चिकटलं ते त्यातूनच. या सामायिक हक्कवाल्यांची बाजू घेण्याबद्दल आधी ओळखला गेलेला ऑलिव्हर क्रॉमवेल सत्तेवर आला तेव्हा उपसा पुन्हा जोरात सुरू झाला, आणि डनबारच्या लढाईत धरलेले स्कॉटिश कैदी चर खणायला जुंपले गेले. जिंकणाऱ्यांच्या कागदात ही जमीन पडीक होती. आपल्या सातबाऱ्यावरचा 'पोटखराबा' आठवा. ज्यातून सारा येत नाही ते खराब, मग तिथे गावाचे मासे असोत, गवत असो की वेत. युरोपीय संघाच्या शेती अनुदानाचाही परवापर्यंत हाच न्याय होता. शेत ओलं करून त्यात पाणकणीस लावलं की ते शेत राहत नसे आणि हेक्टरी अनुदान धोक्यात येई. पीट जाळणाऱ्या शेजाऱ्याला ते बिनबोभाट मिळे. ओल्या पिकाखालची जमीन अनुदानाला पात्र झाली २०२३ पासूनच्या नियमांत. म्हणजे 'ओली शेती स्पर्धेत टिकत नाही' म्हणणाऱ्यांनी हेही सांगावं, की तिला शर्यतीत पाय बांधून किती वर्षं पळवलं.

उरला न्यायाचा मुद्दा, आणि तो मला सगळ्यात खरा वाटतो. उत्तर जर्मनीत मूरवर वसवलेल्या कुटुंबांमध्ये एक म्हण होती : पहिल्याला मरण, दुसऱ्याला वणवण, तिसऱ्याला भाकर. तीन पिढ्या झिजल्या तेव्हा शेत उभं राहिलं. पुढे १९५० साली पश्चिम जर्मनीच्या संसदेने एम्सलांडच्या मूर नांगराखाली आणायची योजना मंजूर केली. पूर्वेकडे समाजवादी सरकारने तेच मोठमोठ्या पंपांनी केलं. दोन शत्रुराष्ट्रांचं या एका गोष्टीवर एकमत होतं. ज्यांच्या आजोबांना सरकारने चर खणायला लावलं, त्यांनाच आज प्रदूषणकर्ते म्हणायचं? त्यांचा संताप मला समजतो. महाराष्ट्रात तर तो समजावून सांगायची गरजच नाही. सार्वजनिक हितासाठी जमीन पाण्याखाली गेली, वीज मुंबईला गेली, आणि कोयनेचे धरणग्रस्त पुनर्वसनासाठी साठ वर्षांनीही आंदोलनाला बसले. जनहिताच्या नावाने कुणी बांधावर आलं की शेतकरी आधी कागद मागतो, तो अनुभवाने.

फरक इतकाच की पीटवर कुणी उठून जायचं नाही. २०२४च्या ऑगस्टमध्ये युरोपीय संघाचा निसर्ग पुनरुज्जीवन कायदा लागू झाला. त्यानुसार कोरड्या केलेल्या, शेतीखालच्या पीटपैकी ३० टक्के जमिनीवर २०३० पर्यंत सुधारणेची कामं हवीत आणि त्यातली फक्त पाव जमीन पुन्हा ओली व्हायला हवी. शेतकऱ्यासाठी पाणी चढवणं ऐच्छिकच ठेवलं आहे. 'शेतं बुडवतात' हा प्रचार इथे उघडा पडतो. पण ऐच्छिक शब्दाने खुश होणाऱ्यांनाही पाण्याचा स्वभाव माहीत नसावा. पाणी सातबारा बघून थांबत नाही. माझ्या शेतात ते वर आणलं तर शेजाऱ्याच्या मक्याची मुळं भिजतात. म्हणून हे काम एकेकट्या शेतकऱ्याच्या मर्जीवर सोडून होत नाही, एका बांधाआतल्या सगळ्यांनी मिळून ठरवावं लागतं. डच लोकांनी यासाठी तेराव्या शतकापासून पाणी मंडळं चालवली. गोव्यात खाजणांचे बांध आणि मानशी, म्हणजे पाण्याची दारं, गावकरी या गावसंस्थेने सांभाळली. त्या व्यवस्था कुणाच्या हक्कावरून भांडत नव्हत्या असं नाही, पण पाण्याची पातळी ही सगळ्यांची बाब आहे, यावर भांडण नव्हतं. ऐच्छिक या शब्दामागे सरकारला लपता येऊ नये. अख्ख्या खोऱ्याला पुरेल असा, पंधरावीस वर्षांचा लेखी मोबदला समोर ठेवला तरच ऐच्छिकला अर्थ आहे. तीन वर्षांच्या प्रायोगिक योजनेवर कुणी आपल्या गाई विकत नाही.

निसर्गप्रेमींमध्ये एक गट म्हणतो, शेती कशाला, सरळ निसर्गावर सोडा. ज्या मूर अजून शाबूत आहेत तिथे मीही तेच म्हणेन. तिथे विळासुद्धा नको. पण शंभर वर्षं खत खाल्लेलं कुरण निसर्गावर सोडलं की सगळीकडे एकच रान माजतं. पोलंडच्या बिएब्झा खोऱ्यात पाणवटवट्या या दुर्मीळ पक्ष्यासाठी लव्हाळ्याची कापणी करावी लागते, त्याच रुंद पट्ट्यांच्या यंत्रांनी. त्या पक्ष्याला माणसाचं गवत कापणं हवं आहे. आणि समजा नको असतं, तरी ज्या जमिनीवरून कुणाचंच पोट भरत नाही, तिथलं लाकडी दार पुढच्या दुष्काळात रात्री कोण उचलणार नाही?

हे सगळं मी मामांना फोनवर सांगितलं. व्हॉट्सॲपवर मावणारं नव्हतं. त्यांनी ऐकून घेतलं. त्यांच्या खारजमिनीची उघाडी, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, फुटली होती तेव्हा समुद्राचं पाणी आत येऊन दोन वर्षं भात गेला होता, त्यामुळे पाणी वर-खाली करण्याच्या गोष्टी त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतात. शेवटी त्यांनी विचारलं, "तुझी असती अशी जमीन, तर दिली असतीस?"

मी म्हटलं, "दिली नसती, मामा. पाणी चढवू दिलं असतं. पण भाडं ठरवून, लेखी."

"आणि बांध कोण बांधणार?"

"ते."

"मग असं आधी सांग ना," मामा म्हणाले, आणि भावकीतल्या कुणाच्या तरी बांधाच्या भांडणाकडे वळले.